भिंतीवरचं नॉर्मल हृदय

६ जानेवारी

मनोऱ्यावरच्या माणसाला,

फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. लोकांच्या फोनला रेंज मिळावी म्हणून तू मनोरे चढतोस आणि घरचा फोन तेवढा तुला लागत नाही, हा विनोद माझा हॉस्पिटलात सगळ्यांना सांगून झाला. आता कोणी हसत नाही. पत्राचं बरं असतं, निदान फोडावं तरी लागतं.

आधी आईंचं सांगते, कारण तू तेवढंच शोधत वाचणार. तुझ्या मातोश्री ठीक आहेत. गुडघे कुरकुरतात, जीभ मात्र सुरळीत चालते. कानातलं यंत्र मधूनच शिट्टी मारतं. ती शिट्टी त्यांना ऐकू येत नाही, मला येते. टीव्ही इतका मोठा असतो की मालिकेत काल काय झालं ते खालच्या मजल्यावरची मंडळीच मला सांगतात. परवा आई मला म्हणाल्या, "तू हल्ली फार हळू बोलतेस गं." मी तेव्हा ओरडत होते.

आपल्या दोन खोल्या तशाच आहेत. बाहेरच्या खोलीची खिडकी समोरच्या इमारतीच्या भिंतीवर उघडते, ती भिंतही जागेवर आहे. इथे जीव गुदमरतो म्हणायचास. दोन वर्षांसाठी जातो म्हणालास, त्याची चार झाली. ज्याचा जीव गुदमरत होता तो गेला आणि ज्यांना गुदमरायला फुरसत नव्हती त्या दोघी राहिल्या. असो. भांडायला कागद घेतलेला नाही.

आमच्याकडे एक केस आली आहे, ती सांगायची आहे. बाई, वय अठ्ठेचाळीस. तक्रार म्हणावी तर काही नाही. जिना चढताना छातीत जरा दाबल्यासारखं होतं, पण घरी सासू असलेल्या कुठल्या बाईला तसं होत नाही? तर या बाईच्या हृदयाला उजव्या अंगाने खेटून एक काळी पिशवी दिसली. लिंबाएवढी. इकोच्या पडद्यावर पाणी काळं दिसतं. म्हणजे पाण्याची गाठ असावी. हृदयावर जे आवरण असतं त्याला जन्मापासूनच असा फुगा आलेला असतो काही जणांना, आणि बहुतेक लोक तो घेऊन सुखाने म्हातारे होतात. पण काळं दिसलं म्हणजे पाणीच, असं छातीठोकपणे सांगता येत नाही. मधे रक्तवाहिनी फुगलेली असू शकते, दुसरंही काही असू शकतं. त्या दुसऱ्याचं नाव आम्ही खोलीत घेत नाही.

सापडली कशी ते ऐक. आमच्याकडे इको शिकायला येणाऱ्यांचा हात आम्ही आधी एकमेकांवर बसवतो. पेशंटच्या आधी सहकाऱ्याची छाती, हा आमचा रिवाज. आमच्या खोलीत कोणावर हात बसवायचा, तर त्या एका बाईवर. तिच्या छातीतून चित्र इतकं स्वच्छ येतं की शिकाऊ माणसालाही आपण फार हुशार आहोत असं वाटायला लागतं. तिच्या हृदयाचं मोठं चित्र काढून, चौकटीत बसवून भिंतीवर लावलंय आणि खाली लिहिलंय 'नॉर्मल'. जो येतो तो त्या चित्राकडे बघतो, तसंच पडद्यावर आणतो, आणि जमलं की हात उचलतो. चित्राच्या चौकटीबाहेर उजवीकडे काय आहे ते बघायला कोणी गेलंच नाही. नॉर्मल म्हणून भिंतीवर लावलेल्या हृदयात कोण कशाला खोट शोधेल?

या खेपेला एक डावखुरी आली. आधी नर्स होती, मुलं मोठी झाल्यावर हे शिकायला आली आहे. आमचा पलंग, मशीन, खुर्ची सगळं उजव्या हाताच्या माणसासाठी मांडलेलं. ती बिचारी पलंगाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसली, हात घसरला आणि यंत्राचं टोक छातीच्या मधल्या हाडाच्या उजवीकडे गेलं. म्हणाली, "मॅडम, हे काळं काय आहे?"

पडद्याकडे मान वळवून त्या बाईने बघितलं. रंग टाकायला सांगितला, म्हणजे रक्त वाहत असेल तर लाल-निळं दिसतं. काही वाहत नव्हतं. म्हणजे निदान रक्तवाहिनी नव्हती. मग तिने एकवीस वर्षांच्या सवयीने डावखुरीला सांगितलं, "डॉक्टर सांगतील."

ती बाई मी आहे. आता पुन्हा वरून वाच.

उद्या सीटी स्कॅन आहे. आईंना काही सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस. अर्थात तू फोनच करत नाहीस, त्यामुळे ती काळजी नाही.

— मी


१९ जानेवारी

हे बघ,

उत्तर आलं नाही. पोस्टाने उशीर केला असेल, असं मी मनाशी म्हणते. मन हसतं.

सीटीने आमची पंचाईत केली. नुसतं पाणी असेल तर सीटीवर त्याचा आकडा पाण्याचा येतो. माझा जास्त आला. म्हणजे पिशवीत पाणीच आहे पण घट्ट झालेलं, किंवा मग पाणी नाही, मांस आहे. दोन्ही होऊ शकतं. सर्जन माझ्या चांगल्या ओळखीचे. इतकी वर्षं त्यांच्या पेशंटांची हृदयं मीच बघून देतेय. त्यांनी सीटी उजेडाकडे धरला, नाक खाजवलं आणि म्हणाले, "काढून बघू. उगाच विचार कशाला?" काढून बघू म्हणजे छाती उघडायची. ते हे वाक्य इतक्या प्रेमाने म्हणाले की मी "बरं" म्हणणार होते.

आमच्या खात्याच्या बड्या डॉक्टरांनी मात्र मान हलवली. ते म्हणाले, आधी एमआरआय. पिशवीला सुईसुद्धा न टोचता आत पाणी आहे की मांस, ते तिथे कळेल. पाणी निघालं तर ऑपरेशन नाही, घरी जा, वर्षातून एकदा तपासून घ्या. सर्जन म्हणाले, ठीक, पण मी महिनाभरच थांबतो. हृदयाला खेटून काय बसलंय ते माहीत नसताना त्याहून जास्त थांबणं मला पटत नाही. तर असा सौदा ठरला. एमआरआय झाला आणि पाणी निघालं तर छाती वाचली.

सोपं आहे ना? मलाही वाटलं. मी रोज बिनखिडकीच्या अंधाऱ्या खोलीत बसते, बोगद्याला काय घाबरायचं?

तो बोगदा तू पाहिला नाहीस. पाठीवर झोपवतात. छातीवर जाळीसारखं एक जड कवच बांधतात, कानांवर हेडफोन, हातात रबराचा फुगा. घाबरलात तर दाबा म्हणतात. मग पलंग आत सरकतो. डोकं, खांदे, छाती आत जाते, पाय बाहेर राहतात. छत नाकापासून वीतभरही नाही. हेडफोनमधून सांगतात: श्वास घ्या, सोडा, आता थांबा. हृदयाचं चित्र घ्यायचं तर श्वास सोडून थांबावंच लागतं, नाहीतर सगळं पुसट येतं. एकदा-दोनदा नाही, तासभर.

मी पहिल्या 'थांबा'लाच फुगा दाबला.

बाहेर काढल्यावर मी घामाने भिजलेली आणि एमआरआयवाला माझ्याकडे असं बघत होता जसं मी घाबरलेल्या पेशंटांकडे बघते. त्याला मी गेली दहा वर्षं ओळखते. तो घसा फोडून बोलतो म्हणून आम्ही त्याला भोंगा म्हणतो. त्या दिवशी भोंगाही हळू बोलला. म्हणाला, "ताई, होतं असं. परत करू."

तुला खरं सांगू? मी आत गेले आणि मला वाटलं, ही जागा माझ्या ओळखीची आहे. पाठीवर पडायचं, हलायचं नाही, कोणी सांगेल तेव्हा श्वास घ्यायचा. गेली चार वर्षं मी घरी हेच करतेय. फरक एवढाच की घरी हातात फुगा नाही. मला तिथे रडू फुटलं आणि रडताना श्वास थांबवता येत नाही.

आता कामाचं. भोंगा म्हणतो, पायाशी कोणी घरचं माणूस बसून पाय धरू शकतं. कित्येकांना तेवढ्याने जमतं. माझ्या घरचं माणूस म्हणजे कोण ते तूच सांग. एक दिवस ये. गाडीत झोप, सकाळी उतर, तासभर माझा पाय धर आणि रात्रीच्या गाडीने परत जा. आईंच्या समोरही यायला नको वाटत असेल तर नको येऊस. मी तुला आजवर काही मागितलेलं नाही. हे मागते.

— मी


२ फेब्रुवारी

साहेब,

पत्र पोचलं. तीन ओळी लिहायला तुला दोन आठवडे लागले, म्हणजे अक्षरागणिक मेहनत घेतली असणार. पहिली ओळ, वाचून वाईट वाटलं. दुसरी, सध्या कामाचा हंगाम आहे. तिसरी, तसंही तुझ्या मांडीत सळई असल्यामुळे तुला एमआरआयच्या खोलीत येऊ देणार नाहीत.

ती सळई मी विसरले नव्हते रे. तू पडलास तेव्हा तुझे डबे कोण आणत होतं? म्हणून मी आधीच भोंग्याला विचारून ठेवलं होतं. तो म्हणाला, हाडात पक्की बसवलेली सळई चालते, कागद दाखवा आणि बिनधास्त आणा. सळईचा कागद आपल्या कपाटात वरच्या खणात आहे, मी काढून ठेवला होता. तेव्हा लोहचुंबक तुला ओढणार नव्हतं. कोणीच ओढत नाहीये तुला, हे मला कळलं.

दुसऱ्यांदा प्रयत्न केला. या खेपेला झोपेची हलकी गोळी दिली. गोळी हलकी असेल, मी चार वर्षांची दमलेली. आत सरकताच ढाराढूर झोपले. भोंगा हेडफोनमध्ये "सोडा, थांबा" म्हणून कोकलतोय आणि मी घोरतेय. चित्रं अशी आली की हृदय कुठलं नि धुकं कुठलं ते कळेना. बडे डॉक्टर ती चित्रं बघून म्हणाले, "झोप चांगली झाली ना?" मला त्यांचा राग आला आणि मग हसूही आलं. पूर्ण भूल देऊन करता येतं, पण नुसत्या चित्रासाठी ती त्यांना नको वाटते आणि मलाही.

सर्जननी तारीख दिली आहे. वीस फेब्रुवारी. त्याच्या आत चित्र निघालं तर ठीक, नाहीतर वीसला छाती उघडणार. आमच्याकडे छाती उघडलेली माणसं मी रोज बघते. मधल्या हाडाला तार बांधून पाठवतात. आठ आठवडे कूस बदलायची नाही, पाण्याचा हंडाही उचलायचा नाही. आईंना आंघोळीला आधार कोण देणार, हे मी रात्रभर मोजत पडते. माझं काय होणार हे त्यानंतर आठवतं.

आणि हो, आईंना कळलं. मला सांगायचं नव्हतं, पण माझ्याच धांदरटपणाने कळलं. एमआरआयच्या वेळी छातीवर गोल चिकट पट्ट्या लावतात, त्यातली एक माझ्याबरोबर घरी आली आणि टॉवेलला चिकटून राहिली. आई ती बोटावर घेऊन स्वयंपाकघरात आल्या.

"हे काय गं?"

"काही नाही. कामावरचं."

"कामावरचं टॉवेलला कसं आलं?"

आता बघ, आपल्या घरात गुपित सांगायचं म्हणजे काय असतं. मी हळूच सांगितलं. "काय?" म्हणाल्या. मी जरा मोठ्याने सांगितलं. "कोणाची पाठ?" म्हणाल्या. शेवटी मी बेंबीच्या देठापासून ओरडले, "माझ्या हृदयाजवळ गाठ आहे!" खालच्या मजल्यावरचा टीव्ही एकदम बंद झाला. समोरच्या इमारतीतली एक खिडकी उघडली. एक महिना लपवलेली गोष्ट मी एका दमात साऱ्या गल्लीला सांगून मोकळी झाले.

आई खाली बसल्या. मग त्यांनी एकेक करून सगळं विचारलं आणि मी ओरडून सगळं सांगितलं. बोगदा, फुगा, गोळी, वीस तारीख. तुझ्या पत्राचंही सांगितलं. तीन ओळी वाचून दाखवल्या. त्यांनी विचारलं, "एवढंच?" मी कागद उलटा करून दाखवला.

त्यांनी कागदाची घडी घालून तो माझ्या हातात दिला. मग म्हणाल्या, "त्या मशीनचा फार आवाज असतो का?"

मी मान डोलावली.

"मग मी येते. मला काय त्याचं?"

— मी


११ फेब्रुवारी

आज एमआरआय झाला. निकाल अजून यायचा आहे. पण झाला तो कसा, हे तुला लिहिल्याशिवाय मला झोप लागणार नाही.

आईंना रिक्षात घालून नेलं. गेल्या चार वर्षांत त्या इतक्या लांब आल्या नव्हत्या, सगळा रस्ता मान बाहेर काढून बघत होत्या. त्या खोलीत धातूचं काही चालत नाही म्हणून भोंग्याने यादी विचारायला घेतली. पोटात, हाडात, हृदयात काही बसवलंय का? आई म्हणाल्या, "दात तीन आहेत, तिन्ही माझे." चष्मा काढला, केसांतल्या पिना काढल्या, शेवटी कानातलं यंत्र काढलं. ते काढलं की आई पार बहिऱ्या. तरी नियम म्हणून भोंग्याने त्यांच्या कानात बोळे घातले. त्याला वाटलं या घाबरतील. त्याने खुणा करून सांगितलं, खूप आवाज होईल. आईंनी त्यालाच हाताने 'शांत हो' असं केलं.

मी आत सरकले. तेच छत, तोच वास. बोटं फुग्यावर. मी दाबणारच होते, एवढ्यात माझ्या घोट्याभोवती हात बसला. आईंचा हात तुला माहीत आहे, भाजी चिरून चिरून अंगठा खरखरीत झालाय. तो अंगठा त्यांनी माझ्या घोट्याच्या हाडावर असा दाबून धरला जशी मी पळून जाणार होते. आणि मशीन सुरू झालं. शेजारी कोणी भिंत फोडत असावं तसा तो आवाज. मोठीमोठी माणसं त्या आवाजाने उठून बसतात. आई नाही. त्यांच्या लेखी खोलीत शांतता होती.

श्वास सोडला. थांबले. थांबता आलं.

मग मशीन दोन चित्रांच्या मधे जरा गप्प झालं, आणि मला आईंचा आवाज आला. त्या बोलत होत्या. कान बंद असले की आपण केवढ्याने बोलतोय ते त्यांना कळत नाही, आणि मला वाटतं, मला ऐकू जातंय हेही त्यांना कळलं नाही. आधी त्या मशीनला नावं ठेवत होत्या. एवढं पांढरं कशाला केलंय, मळेल. मग खालच्या मजल्यावरच्या बाईंना नावं ठेवून झाली. हेडफोनमधून भोंगा ओरडला, "ताई, हसू नका, चित्र हलतं!"

पुन्हा आवाज, पुन्हा थांबा. पुन्हा शांतता. आणि आई म्हणाल्या, जसं काही भाजी निवडताना स्वतःशी बोलावं तसं, "मला कळतं गं. मी तुला नकोशी झालेय. तुझ्या जागी मी असते तर मलाही सासू नकोशी झाली असती."

लगेच हेडफोनमधून पुन्हा 'सोडा, थांबा' आलं. बोलले असते तर चित्र गेलं असतं.

नंतरच्या शांततेत त्या म्हणाल्या, "तो गेला तेव्हा मी त्याला अडवलं नाही. म्हटलं, तिघांतला एक तरी सुटू दे. माझंच पोर सुटावं असं मला वाटलं. तुझा विचार मी केला नाही. आईने आपल्या पोराचा विचार करावा हे बरोबर, पण तू काय कुणाची पोर नव्हतीस का?"

माझ्या डोळ्यांतून पाणी कानात जात होतं, हेडफोनच्या खाली. पण श्वास मी एकदाही चुकवला नाही. रडताना श्वास थांबवता येत नाही असं मी तुला लिहिलं होतं. येतो, कोणीतरी पाय धरलेला असला म्हणजे.

तासाभराने बाहेर काढलं. आईंच्या हाताच्या बोटांचे वळ माझ्या घोट्यावर उमटले होते आणि त्यांचा हात आखडला होता, सरळ होईना. भोंग्याने चोळून दिला. यंत्र कानात घातल्यावर त्यांनी पहिलं वाक्य काय म्हटलं असेल? "झालं? आवाज कुठे होता एवढा?"

त्या काय बोलल्या ते मला ऐकू आलं, हे मी त्यांना सांगितलेलं नाही. तुला सांगतेय. तुला कळायला हवं.

— मी


१५ फेब्रुवारी

पाणी आहे.

बड्या डॉक्टरांनी मला खुर्ची दिली, पडदा माझ्याकडे फिरवला आणि म्हणाले, "तुम्हीच सांगा." पेशंटला पडदा दाखवायचा नाही, ही आमच्या खात्याची जुनी शिस्त. त्यांनी ती माझ्यासाठी मोडली. एका चित्रात पिशवी दिव्यासारखी पांढरीशुभ्र. एमआरआयच्या त्या चित्रात पाणी पांढरं दिसतं, आमच्या इकोच्या उलट. नसेतून खास औषध दिल्यानंतरच्या चित्रात पिशवीने ते औषध जरासुद्धा घेतलं नव्हतं. मांस असतं तर घेतलं असतं. पाणी जरा दाट आहे, म्हणून सीटी फसला. भिंत पातळ, एकसारखी, हृदयाला कुठे दाबत नाही. जन्मापासून आहे. मी शाळेत गेले तेव्हा होती, आपलं लग्न झालं तेव्हा होती.

पुढचं डॉक्टरांनी सांगितलं: वीस तारीख रद्द, वर्षातून एकदा इको. सर्जनना फोन केला तर ते म्हणाले, "अरेरे," आणि लगेच म्हणाले, "म्हणजे, छान!" डावखुरी मला मिठी मारून रडली. तिला सगळे आता शोधक म्हणून चिडवतात. भिंतीवरच्या चित्राखालचं 'नॉर्मल' काढू का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, राहू दे, खोटं नाहीये ते.

घरी येऊन मी आईंना ओरडून सांगितलं. खालच्या मजल्यावरून टाळ्या आल्या.

आणि काल तुझा फोन आला. तुझा! चार वर्षांत तू आपणहून लावलेला पहिला. मी तुला नुसतं "पाणी आहे" म्हटलं, आणि तू केवढा मोठा श्वास सोडलास. मला तो ऐकू आला आणि मला बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू? मग तू म्हणालास, आता सगळं ठीकच आहे तर हंगाम संपल्यावर सावकाश चार दिवस येऊन जातो. फोनवर मी नुसतं 'लिहून कळवते' म्हटलं. आई समोर बसल्या होत्या, आधी त्यांना विचारायचं होतं आणि ओरडल्याशिवाय आपल्या घरात काही ठरत नाही. काय ठरलं ते आता ऐक.

ऑपरेशनसाठी हॉस्पिटलने माझी वीस तारखेपासून आठ आठवड्यांची रजा मंजूर केली होती. ऑपरेशन रद्द झालं. रजा मी रद्द केलेली नाही. बड्या डॉक्टरांना तसं सांगायला गेले तेव्हा वाटलं होतं रागावतील. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, एकवीस वर्षांत तुम्ही किती रजा घेतली ते मला माहीत आहे, जा.

वीस तारखेला सकाळी मी निघतेय. कुठे ते सांगत नाही. तिथे डोक्यावर छत कमी आणि आकाश जास्त आहे, खोलीला दोन खिडक्या आहेत आणि दोन्हींतून लांबवर दिसतं. मी विचारून घेतलंय.

आई आता तुझ्या हवाली. आंघोळीला आधार लागतो, उजव्या बाजूने धर. कानातल्या यंत्राचे सेल पेटीत आहेत. टीव्हीचा आवाज कमी करायला जाऊ नकोस, मी चार वर्षं प्रयत्न केला आहे. आणि त्यांच्याशी बोल. ओरडून बोल, लाजू नकोस, इथे सगळ्यांना सगळं माहीत आहे. मी आईंना विचारूनच हे ठरवलंय. त्या म्हणाल्या, "येऊ दे त्याला. मला त्याच्याशी भांडायचंय, आणि ते तुझ्यासमोर नको."

मी विचारलं, "आणि तो आलाच नाही तर?"

तुझ्या आईंनी थोडा वेळ खिडकीतून समोरच्या भिंतीकडे बघितलं. मग उठल्या, गुडघ्यांवर हात ठेवून हळूहळू कपाटापाशी गेल्या, आणि माझ्या बॅगेच्या शेजारी त्यांची जुनी पिशवी आणून ठेवली.

वीस तारखेला सकाळी सात वाजेपर्यंत मी तुझी वाट बघेन. त्यानंतर आलास आणि दाराला कुलूप दिसलं, तर समजून जा की आम्ही दोघी गेलो.

— मी